म्हस बुडाली, आज येऊ नका

सोनुबाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि ते बरंच झालं. गोड बोलून झालेल्या ओळखी माझ्याकडे फार टिकत नाहीत.

कर्जतजवळ दहिवलीत माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. सासऱ्यांच्या काळात ती टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. टाइपरायटर भंगारात गेले, कॉम्प्युटर आले, मग पोरं सगळं मोबाइलवरच शिकायला लागली तेव्हा मी लोकांना वेबसाइट करून द्यायला सुरुवात केली. दवाखाने, मंगल कार्यालयं, फार्महाउसं. एका मे महिन्यात, भर दुपारी, मी पहिला घास तोंडात घालत होते तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, काटक, डोक्यावर पदर, हातातल्या कापडी पिशवीत मोबाइल.

"आसावरीबाई तुमीच ना? मी कोंडाण्याची सोनुबाई. लेण्याच्या वाटंवर माझी खानावळ हाय. नेटात माझं नाव हाय, पन त्ये माझं नाय."

"जेवतेय. चारला या," मी म्हणाले.

"मी बी जेवान टाकून आलेय. तुमी जेवा, मी हितंच बसते."

आणि त्या खरंच समोर बसल्या, माझ्या ताटाकडे बघत. कुणी असं बघत असताना घास उतरतो का? मी चिडून दोन शब्द बोलले, त्यांनी चार ऐकवले. शेवटी मी ताट सारलं तर म्हणाल्या, "नायतरी भाजी पानचट दिसतेय." मला हसू आलं आणि तिथेच माझा पराभव झाला.

काम ऐकलं तर साधं होतं. सोनुबाईंच्या खानावळीत जेवून गेलेल्या लोकांनीच नेटवर तिची नोंद केली होती, पण ज्याला जसं सुचलं तसं. एकीकडे 'सोना हॉटेल', दुसरीकडे 'सोनाबाई भोजनालय', तिसरीकडे 'सोनू ढाबा', आणि त्यातल्या एकाला फोन नंबर भलत्याच माणसाचा. मी त्यांना सांगितलं, की नेटवर शोधून देणारं जे यंत्र आहे त्याला डोळे नाहीत, नाव-पत्ता-नंबर जुळला तरच ते एक धरतं. त्याच्या लेखी तुमच्या तीन खानावळी आहेत आणि तिन्ही अर्ध्यामुर्ध्या.

"मंजी मी तीन बाया झाले, आन् एकीलाबी धड इचारत नाय कोनी," त्या म्हणाल्या. हे त्यांना जितक्या लवकर कळलं तितक्या लवकर आमच्या कर्जतच्या एकाही डॉक्टरला कळलेलं नाही.

सोनुबाईंचं माहेर खालापूरकडचं. शाळा चौथीपर्यंत. नवरा चांगो भिवपुरीच्या वीज केंद्रात कंत्राटी कामाला होता, आता घरीच असतो आणि बायको काय करते त्याच्यावर शेरे मारतो. भाताची थोडी शेती. लेण्याला जाणारे लोक पाणी मागायचे, मग चहा, मग एकदा वीस जणांच्या टोळीने जेवणच मागितलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. तेव्हापासून खानावळ. रस्त्याकडेची जागा बघून एक दलाल वर्षभर खेपा घालत होता. त्याला त्यांनी एकच विचारलं, "जागा इकली तर भाकऱ्या कुठं थापू, तुझ्या टकलावर?" तो पुन्हा फिरकला नाही.

मी त्यांची तिन्ही नावं एक केली आणि एक छोटी वेबसाइट करून दिली. पण शोधल्यावर ती यायची चौथ्या पानावर. चौथ्या पानावर कोण जातं? मी माझ्या भाच्याला गाठलं. मिहीर नेरळच्या नव्या टॉवरमध्ये राहतो आणि 'पहिल्या पानावर आणून देतो' अशी पाटी लावून बसलाय. त्याने दहा मिनिटांत निदान केलं.

"मावशी, 'कोंडाणे लेणी' शोधणारे मूठभर. 'कोंढाणा किल्ला' शोधणारे ढीगभर. एका 'ढ'चा तर प्रश्न आहे."

कोंढाणा म्हणजे पुण्याचा सिंहगड, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. तरी मी त्याला करू दिलं, कारण चौथ्या पानाची मला लाज वाटत होती. मिहीरने पानावर 'कोंढाणा किल्ला' चाळीस वेळा पेरला, त्यातल्या तीस वेळा पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, म्हणजे माणसाला दिसू नये पण यंत्राला दिसावं. वर एक व्हिडिओ चढवला, त्यामुळे कोंडाण्याच्या एका काडीच्या नेटवर्कवर ते पान उघडेपर्यंत एक भाकरी भाजून व्हायची.

आठवडाभर पानावर गर्दी झाली. मग सोनुबाईंना फोन यायला लागले.

"आम्ही गडावर आलोय. तुमची खानावळ कुठल्या बाजूला? पिठलं आहे ना? दही?"

"कुठल्या गडावर?"

"अहो, सिंहगडावर!"

"मंग तिथंच बसा. मी कोंडाण्यात हाय."

चार दिवसांनी एका पुणेकराने एक तारा देऊन लिहिलं, 'किल्ल्यावर अशी खानावळ अस्तित्वात नाही. शुद्ध फसवणूक.' महिन्याच्या आत आमचं पान चौथ्यावरून कुठे गेलं ते शोधायलाही सापडेना. ही यंत्रं नेमकं काय किती मोजतात ते त्यांचे मालक कधी पूर्ण सांगत नाहीत, पण लपवलेली अक्षरं आणि कोंबलेले शब्द ती पकडतात आणि पान खाली ढकलतात, एवढं नक्की. आलेला माणूस हवं ते न मिळाल्याने पाठ फिरवून गेला, तर तेही भोवतंच. मिहीरला हे माहीत होतं. मला तर चांगलंच माहीत होतं.

सोनुबाई पुन्हा भर दुपारीच आल्या. या वेळी बसल्या नाहीत.

"बाई, मी कोनाला फसवलं नाय आजपत्तूर. त्या मान्सानं लिवलंय फसवनूक. माझ्या नावावर."

"चुकलं माझं."

"चुकलं त्ये चुकलं. आता आयका. जो किल्ला माझ्या दारात नाय, त्यो माझ्या पाटीवर नाय. शंभराव्या पानावर गेले तरी चालंल."

मला फार वाईट वाटलं. तीस वर्षं शिकवतेय मी. त्याच बैठकीत मी सगळे 'ढ' उपटून काढले, व्हिडिओ काढला, आणि पुणेकराला माफीचं उत्तर लिहिलं. त्या शेजारी उभ्या राहून एकेक शब्द पुसताना बघत होत्या.

मग मी त्यांना विचारलं, की लोक तुम्हाला फोनवर खरंच काय विचारतात? हे मी सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. जेवणाचं कुणीच विचारत नव्हतं. पावसाळ्यात दिवसाला चाळीस फोन, आणि प्रश्न एकच: आज लेण्यापर्यंत जाता येईल का?

"आन् माझे हात पिठात," सोनुबाई म्हणाल्या. "त्येवढं तुमच्या पानावर टाकता आलं तर माझं तोंड तरी वाचंल."

लेण्याच्या वाटेवर एक वहाळ, म्हणजे ओढा, आडवा येतो. त्यात एक मोठा काळा फत्तर आहे. गाव त्याला म्हस म्हणतं. म्हशीची पाठ पाण्यावर दिसत असली तर माणूस पलीकडे जातो. म्हस बुडाली की जायचं नाही, कारण गेलेला परत येताना अडकतो. सोनुबाई रोज सकाळी उजाडलं की वहाळावर जाऊन बघून यायच्या, लग्न होऊन आल्यापासून. मी त्यांना फोनवरून पानावर लिहायला शिकवलं. पहिल्या दिवशी त्यांनी अंगठ्याने पाऊण तास खपून लिहिलं: 'म्हस बुडाली. आज येऊ नका.'

संध्याकाळपर्यंत तीन जणांनी हळहळ कळवली. एका दयाळू गृहस्थांनी दुभतं जनावर वाहून गेल्यास तहसीलदाराकडे अर्ज कसा करायचा तेही सविस्तर लिहून पाठवलं. मी म्हटलं, 'म्हस' काढून 'दगड' करू या.

"त्याचं नाव म्हस हाय. मी का बदलू? त्येंनी इचारावं."

मी 'म्हस म्हणजे काय' असा एक परिच्छेद आणि दोन फोटो टाकले, एक पाठ दिसतानाचा, एक नुसत्या पाण्याचा. मिहीरने फोन करून विचारलं, "मावशी, हा शब्द जगात कोण शोधणार?" मी म्हटलं, बघू.

तो पावसाळा गेला, पुढचा आला. सोनुबाईंनी एकही दिवस चुकवला नाही. अंगात ताप असताना चांगोला पाठवलं, तर त्याने येऊन "पानी हाय" एवढंच सांगितलं. मग तापात स्वतः गेल्या. हळूहळू डोंबिवलीच्या एका ट्रेकिंग ग्रुपने आपल्या पानावर आमच्या पानाचा पत्ता, म्हणजे लिंक, दिला. मग एका कॉलेजच्या सरांनी. मग डोंगरात अडकलेल्यांना सोडवायला जाणाऱ्या स्वयंसेवकांनी. कुणालाही आम्ही विनंती केली नव्हती. मिहीर असे पत्ते विकत आणतो आणि ते चार महिन्यांत निरुपयोगी होतात. लग्न जमवताना आपण मुलाच्या आईला मुलगा कसा आहे म्हणून विचारत नाही, शेजारणीला विचारतो. यंत्रालाही तेवढी अक्कल आहे.

आणि लोक 'म्हस बुडाली का?' असं शोधायला लागले. या प्रश्नाचं उत्तर उभ्या जगात एकाच पानावर होतं. तिसऱ्या पावसाळ्यात साधं 'कोंडाणे लेणी' शोधलं तरी सगळ्यात वर सोनुबाईंचं पान यायचं, आणि त्याच्याखाली, पान न उघडताच, त्यांचं त्या दिवशीचं वाक्य दिसायचं.

इथूनच खरी कटकट सुरू झाली.

शनिवार-रविवारी लोक घरून निघतानाच फोन बघायचे. काही जण कर्जत स्टेशनावर उतरून बघायचे आणि तिथूनच परत फिरायचे. स्टेशनावरून कोंडाण्याला रिक्षा चालवणारा सदू म्हणजे चांगोचा चुलतभाऊ, सोनुबाईंचा धाकटा दीर. त्याचं पोट त्या गर्दीवर. डोंगराच्या पायथ्याशी एक नवं रिसॉर्ट झालं होतं, त्यांचं आरक्षण रद्द व्हायला लागलं. एका सोमवारी देवळात बैठक बसली. सोनुबाईंनी मला बोलावून घेतलं, म्हणाल्या, "बोलू नका, नुसत्या बसा." मला न बोलायला सांगणं म्हणजे काय शिक्षा असते ते माझ्या घरच्यांना विचारा.

रिसॉर्टचा मॅनेजर फार नम्र होता. "मॅडम, आम्ही तुम्हाला फुकट नवी वेबसाइट करून देतो. फक्त निगेटिव्ह शब्द नको. 'येऊ नका'च्या जागी 'काळजी घेऊन या' लिहा. काय फरक पडतो?"

"फरक पडत नाय तर तुमी कशाला आलाव?" सोनुबाई म्हणाल्या.

मग सदू उठला. तो मनापासून चिडला होता. "वैनी, गेल्या साली तू अठरा वेळा येऊ नका लिवलंस. मी मोजलंय. अठरा वेळा! त्यातलं कोन मेलं? सांग ना. एक तरी मेलं का?"

"कोनीच नाय मेलं रं. म्हनून तर लिवते."

पण पटलं कुणालाच नाही, हे मला त्यांच्या तोंडांवर दिसत होतं. जे घडलंच नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा? सदू म्हणाला, तुला नेटाचा माज आलाय. सोनुबाई म्हणाल्या, आला आसंल. आणि उठून चालत्या झाल्या, मागोमाग मी.

पुढच्या आठवड्यात नेटच्या नकाशावर खानावळीच्या नावाखाली लाल अक्षरं आली: 'कायमचे बंद'. हे कुणीही करू शकतं. पाच-सहा जणांनी मिळून कळवलं की हे ठिकाण बंद पडलंय, तर यंत्र कधी कधी विश्वास ठेवतं. कुणी केलं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी इथे लिहिलं नसतं. चांगोने चष्मा लावून वाचलं आणि बायकोला विचारलं, "तू मेलीस काय गं? मला कोनी सांगितलं नाय ते."

मी हात टेकले होते. सोनुबाईंनी टेकले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी वहाळाकाठी उभ्या राहून चांगोकडून स्वतःचा फोटो काढून घ्यायला लागल्या, पाठीमागे म्हस किंवा नुसतं पाणी, आणि खाली लिहायला लागल्या: 'मी सोनुबाई. हाय.' जेवून गेलेल्यांनी ते बघितलं आणि न सांगता आपापले फोटो चढवले, भाकरीचे, बिरड्याचे, सोनुबाई ओरडतानाचे. तीन आठवड्यांत लाल अक्षरं गेली. गावातलं बोलणं मात्र बंदच राहिलं. सदू दारावरून रिक्षा नेताना मान वळवायचा. नवरात्रात सोनुबाईंना कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. त्या दिवशी मात्र माझ्याकडे येऊन त्या रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "उद्या पोटाला लागंल म्हनून भ्याले नाय मी. पन मानसं लागतात ना बाई." मी चहा केला.

यंदाच्या जुलैमधला एक रविवार. रात्रीपासून पाऊस धरून होता. त्यांच्या फोनचं काहीतरी अडलं होतं म्हणून मी सकाळीच कोंडाण्यात पोचले आणि तो चालू करून दिला. सोनुबाई नुकत्या उठून चूल पेटवत होत्या, वहाळावर जायचं अजून बाकी होतं. तेवढ्यात सदू धावत आला. छत्री नाही, पायात चप्पल नाही. दहा महिन्यांत पहिल्यांदा तो या अंगणात आला होता.

"वैनी, लिवलंस का?"

"काय?"

"येऊ नका. लिव लवकर. भाविका येतेय."

भाविका सदूची एकुलती एक मुलगी. ठाण्याला नर्सिंग शिकते, हॉस्टेलवर राहते. मैत्रिणींना लेणी दाखवायला घेऊन येणार होती. सदूने तिला फोनवर सांगितलं होतं, पाऊस फार आहे, येऊ नको.

"मंग आयकलं नाय तिनं?"

सदूने मान खाली घातली. "म्हंते, बाबा, तुमी तर रोजच सगल्यांना या म्हंता, धो धो पडत आसला तरी. तुमच्या येऊ नकोला काय आर्थ? काकी काय लिवते त्ये बघू, मंग ठरवू. सगल्या पोरी फोन हातात धरून बसल्यात."

सोनुबाईंनी चूल तशीच ठेवून पदर खोचला आणि निघाल्या. मागे सदू, त्याच्या मागे मी, माझ्या वयाला न शोभेल अशा चिखलातून. वाटेत सदूचं एकच चाललं होतं, लिव ना गं, लिव ना.

वहाळाला पाणी होतं, पण म्हशीची सबंध पाठ उघडी होती. रात्रभर वाजलेला पाऊस डोंगरावर झालाच नव्हता, खालीच झाला होता. सोनुबाई पाण्यात उतरल्या. घोट्याच्या वर थोडं. पलीकडे जाऊन परत आल्या आणि डोंगराकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"म्हस दिसतेय, सदू. आज या म्हनून लिवनार."

"वैनी, तरी बी. आजच्या दिस. एकदाच खोटं लिव. माझी एकच पोरगी हाय गं."

मी सोनुबाईंकडे बघितलं. खरं सांगते, मी असते तर लिहून टाकलं असतं. एका वाक्याने कुणाचं काय बिघडणार होतं? घाबरलेला बाप होता, दीर होता, गाव पुन्हा बोलायला लागलं असतं.

"खोटं दोन्ही बाजूनं खोटंच रं," त्या म्हणाल्या. "आन् स्टेशनावरनं परत जातात, तुझी गाडी रिकामी करून, त्या बी कोनाच्या तरी पोरीच आसतात."

सदू काठावरच्या ओल्या दगडावर मटकन बसला. सोनुबाईंनी पदराने फोन पुसला, अंगठ्याने एकेक अक्षर लावलं आणि मला वाचायला दिलं: 'म्हस दिसते. या. तीनच्या आत खाली उतरा. ढग काळे झाले तर थांबू नका.' मी मान हलवली. त्यांनी ते पाठवलं आणि चूल विझेल म्हणून घराकडे वळल्या.

थोड्या वेळाने सदूचा फोन वाजला. तो "हां, हां" एवढंच म्हणत होता. फोन ठेवून उठला, घरी जाऊन चप्पल घातली आणि पोरींना आणायला रिक्षा घेऊन स्टेशनावर गेला. त्या दिवशी वहाळ ओलांडताना सगळ्यांच्या पुढे तो होता.